फॅनॅक आणि ईफॅनझीन्स : सायक्लोस्टाईलच्या शाईतलं फुकट भांडार

फॅनॅक आणि ईफॅनझीन्स या दोन साइट्सची किंमत सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. फुकट. लॉगिन नाही, ओटीपी नाही, पहिला महिना फ्री आणि मग गुपचूप कार्डातून पैसे कापणार असली भानगड नाही. पीडीएफ उघडायची आणि वाचत बसायचं. फक्त एक करा, पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी दुसरं काही काम न ठेवता उघडा, कारण एकदा आत शिरलं की संध्याकाळ कधी होते कळत नाही आणि घरचे चहा गार झाला म्हणून ओरडतात ते वेगळंच.

रिव्ह्यू दोघांचा एकत्रच करतोय, कारण वापरायच्यापण एकत्रच असतात. फॅनॅक डॉट ऑर्ग म्हणजे जुन्या सायन्स फिक्शन फॅनझीन्सचं, म्हणजे चाहत्यांनी हौसेने स्वतःच काढलेल्या मासिकांचं, स्कॅन केलेलं दप्तर, पार १९३० च्या दशकापासूनचे हजारो अंक, आणि जो सिक्लारी, ईडी स्टर्न हे अमेरिकन जोडपं नि त्यांची स्वयंसेवक मंडळी नव्वदच्या दशकापासून ही हमाली करतायत. ईफॅनझीन्स डॉट कॉम हे बिल बर्न्स या एका माणसाने २००० साली सुरू केलेलं काम, तिथे आजही निघणारी फॅनझीन्स मिळतात, बरीच जुनीपण मिळतात. (या बर्न्सचं दुसरं वेड म्हणजे समुद्राखालून टाकलेल्या तारायंत्राच्या केबल्सचा इतिहास, त्याचीही त्याने अशीच अवाढव्य साइट करून ठेवलीय. काही माणसं एका वेडावर थांबतच नाहीत.)

ज्यांना फॅनझीन हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ह्यूगो गर्न्सबॅकने १९२६ मध्ये अमेरिकेत अमेझिंग स्टोरीज हे नुसत्या विज्ञानकथांचं मासिक काढलं आणि वाचकांची पत्रं छापताना खाली त्यांचा पूर्ण पत्ता छापायला सुरुवात केली. आज कोणी असं केलं तर प्रायव्हसीवरून केवढी बोंब होईल, पण तेव्हा त्यामुळे झालं असं की शिकागोतल्या पोराला कळलं की आपल्यासारखाच एक येडा न्यूयॉर्कात राहतो, मग त्यांनी संपादकाला बाजूला सारून एकमेकांनाच पत्रं लिहायला घेतली, क्लब काढले, आणि पत्रं कमी पडायला लागली तेव्हा स्वतःची छोटी मासिकं काढली. मे १९३० मध्ये आलेलं द कॉमेट हे त्यातलं पहिलं धरतात. त्याच्या मागे जी मंडळी होती त्यातला रे पामर पुढे १९३८ ला खुद्द अमेझिंग स्टोरीजचाच संपादक झाला आणि आयझॅक असिमोव्हची विकली गेलेली पहिली कथा त्यानेच घेतली. म्हणजे पत्र लिहिणारा थेट खुर्चीत.

आता इथे बहुतेक लोक काय करतात, तर मोठी नावं शोधतात. मिळतात, भरपूर मिळतात. जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी क्लीव्हलंडला शाळकरी वयात काढलेल्या फॅनझीनमध्ये जानेवारी १९३३ ला सुपरमॅन पहिल्यांदा आला, आणि तो चक्क टकलू व्हिलन होता. रे ब्रॅडबरीने १९३९ ला लॉस एंजेलिसमधून फ्युच्युरिया फँटेशिया काढलं, चार अंक निघाले, पैसे मित्राचे आणि बरंचसं लिखाण टोपणनावांनी त्याचंच. हे सगळं बघायला मजा येते, पण खरं सांगायचं तर भावी थोर लेखकांचं कच्चं लिखाण वाचायला म्हणून जाल तर तासाभरात कंटाळाल. कथा बहुतेक सुमारच आहेत. फॅनझीनमधल्या कथा सोडून द्या आणि थेट मागच्या पानांवर जा, पत्रांच्या. असली माल तिथे आहे.

कारण फॅनझीनचा सगळा व्यवहारच पत्रावर चालतो. वर्गणी असायची, काही सेंट वगैरे, पण पैसे देऊन घेणारा माणूस संपादकाला फारसा आवडायचा नाही असं स्पष्ट जाणवतं. अंक मिळवायचा खरा रस्ता तीन गोष्टींचा, एकतर तुमचं फॅनझीन मला पाठवा, नाहीतर लेख किंवा चित्र द्या, नाहीतर मागच्या अंकावर सविस्तर पत्र लिहा. याला ते लोक 'द युज्वल' म्हणतात, नेहमीचंच. आजही ईफॅनझीन्सवरच्या कितीतरी अंकांत ते दोन शब्द सापडतील. मला विचाराल तर नव्वद-पंचाण्णव वर्षं हा उद्योग टिकलाय तो या एका गोष्टीमुळे. विज्ञानकथा हे निमित्त आहे हो. पन्नासच्या दशकातले चांगले अंक काढून बघा, त्यात विज्ञानकथेबद्दल अवाक्षर नसतं कधीकधी, कोणी आपल्या नोकरीबद्दल लिहितोय, कोणी घरमालकाशी झालेल्या भांडणाबद्दल, आणि पुढच्या अंकात त्यावर पाच देशांतून पत्रं.

हॅरी वॉर्नर ज्युनियर हा याचा कळस. मेरीलँडमधल्या हॅगर्सटाऊन नावाच्या गावात राहणारा वर्तमानपत्रातला माणूस, गाव सोडून फारसा कुठे जायचा नाही, त्याला हॅगर्सटाऊनचा संन्यासीच म्हणायचे, पण जो कोणी फॅनझीन पाठवेल त्याला तो पत्र लिहायचा म्हणजे लिहायचाच. फॅनॅकवर दशकं बदलत जा, देश बदला, संपादक बदला, पत्रांच्या पानावर वॉर्नर आहेच. नवख्या पोराने काढलेल्या भिकार पहिल्या अंकालाही तो काहीतरी चांगलं शोधून लिहितो. २००३ ला तो गेला. आता लाइक आणि अंगठ्याच्या जमान्यात दोन-दोन पानी उत्तर देणारा वाचक कुठून आणणार?

दुसरी गंमत यंत्राची. ज्यांनी शाळेत सायक्लोस्टाईलच्या प्रश्नपत्रिका हातात घेतल्यात, अजून ओल्या, शाईचा वास येणाऱ्या, त्यांना हे स्कॅन बघताना पोटात कसंतरी होईल. बहुतेक फॅनझीन्स त्याच यंत्रावर निघाली, तिकडे त्याला मिमिओ किंवा ड्युप्लिकेटर म्हणतात. टाइपरायटरची रिबन बाजूला करून मेणाच्या स्टेन्सिलवर टाइप करायचं, चूक झाली की नेलपॉलिशसारखं करेक्शन फ्लुइड लावून ते वाळायची वाट बघायची, मग हँडल फिरवायचं, शाई पाठीमागे उमटू नये म्हणून जाड शोषून घेणारा कागद, आणि शेवटी मित्रांना जमवून टेबलाभोवती गोल फिरत पानं लावायची नि स्टेपल मारायचे. ते करेक्शन फ्लुइड या लोकांच्या इतकं काळजात घुसलंय की कॉरफ्लू या त्याच्याच नावाने फॅनझीनवाल्यांचं संमेलन भरतं, १९८४ पासून. ज्यांच्याकडे मिमिओचेही पैसे नव्हते ते हेक्टोग्राफ वापरायचे, म्हणजे ट्रेमध्ये जिलेटिन ओतायचं, त्यावर जांभळ्या शाईचं मूळ पान दाबायचं आणि मग एकेक कोरा कागद चिकटवून काढायचा. पन्नासेक प्रती निघाल्या की शाई संपली. त्यामुळे वाटलं तरी खप वाढवता यायचा नाही, वाचक मोजकेच.

आणि ॲपा! म्हणजे हौशी छपाईवाल्यांचं मंडळ. १९३७ ला डोनाल्ड वॉलहाइम आणि जॉन मिशेल यांनी फॅपा नावाचं असं मंडळ सुरू केलं, हिशोब आपल्या भिशीसारखा, प्रत्येकाने स्वतःचं झीन जितके मेंबर तितक्या प्रतींत छापून एकाकडे पाठवायचं, त्याने सगळ्यांच्या प्रती एकत्र करून प्रत्येकाला एकेक गठ्ठा परत पाठवायचा. काही महिने काही छापलं नाहीस तर बाहेर. यातल्या प्रतिक्रिया वाचणं म्हणजे अतिशय संथ गतीने चाललेला ग्रुप चॅट वाचणं, आज टोमणा मारला तर उत्तर तीन महिन्यांनी येणार. त्यामुळे टोमणेही घासूनपुसून मारलेत.

सुरुवात कुठून करायची असं कोणी विचारलं तर मी डोळे मिटून उत्तर आयर्लंडमधलं बेलफास्ट सांगेन. वॉल्ट विलिसने १९४८ ला तिथे स्लँट काढलं, ते चक्क हाताने खिळे जुळवून छापलेलं, चित्रांचे ठसे कोरायला जेम्स व्हाइट. मग ५२ पासून हायफन, ड्युप्लिकेटरवर, मागच्या कव्हरवर लोकांच्या पत्रांतली नि बोलण्यातली संदर्भाशिवाय उचललेली वेडगळ वाक्यं. बॉब शॉ पण याच टोळक्यातला. व्हाइट आणि शॉ दोघेही पुढे नावाजलेले विज्ञानकथाकार झाले, पण हायफनमधला शॉ मला त्याच्या कादंबऱ्यांपेक्षा जास्त आवडतो, भांडा हवं तर. विलिस आणि शॉ यांनी १९५४ ला द एन्चांटेड ड्युप्लिकेटर नावाची एक छोटी रूपककथा लिहिली, जोफान नावाचा पोरगा जादूच्या ड्युप्लिकेटरच्या शोधात निघतो, वाटेत आळसाचे डोंगर, उदासीनतेचं वाळवंट, हेक्टोची दलदल, वगैरे वगैरे. शेवट सांगत नाही. ज्याने कधी कॉलेजचं हस्तलिखित काढलंय किंवा सोसायटीच्या गणपतीची स्मरणिका काढायच्या फंदात पडलाय त्याला त्यातला प्रत्येक डोंगर ओळखीचा वाटेल. ही कथा टॅफ नावाच्या, चाहत्यांना समुद्रापलीकडच्या संमेलनाला पाठवणाऱ्या फॅन फंडाच्या साइटवर ई-बुक म्हणून फुकट मिळते, आणि टॅफची कल्पना आली तीपण विलिसमुळेच, १९५२ ला अमेरिकेतल्या चाहत्यांनी वर्गणी काढून त्याला शिकागोच्या संमेलनाला नेलं होतं, त्याचीच पुढे परंपरा झाली. नुसत्या कागदावरच्या ओळखीवर लोकांनी माणसाला समुद्रापलीकडून बोलावून घेतलं.

कागदी ओळखीचे घोळपण झालेत. जॉर्जियातल्या सॅव्हाना गावातून १९५० पासून क्वांड्री नावाचं फार लाडकं फॅनझीन ली हॉफमन काढायची, आणि सगळे समजत होते की ली हा पुरुष. ५१ साली न्यू ऑर्लिन्सच्या संमेलनात ती समोर उभी राहिली तेव्हा भल्याभल्यांची वाचा बसली. उलट इंग्लंडात १९५४ ला फक्त बायकांचं म्हणून फेमिझिन निघालं, त्यातली मुख्य बाई जोन कार, ती निघाली सँडी सँडरसन नावाचा बाप्या! हे दोन्ही किस्से फॅनॅकवर मूळ अंकांतून उलगडत वाचता येतात, आणि गंमत बाजूला ठेवली तर त्या काळात या वर्तुळात बायका किती थोड्या होत्या तेही त्यातून दिसतं. चित्र बदललं ते साठच्या दशकात स्टार ट्रेक आल्यावर, १९६७ चं स्पॉकानेलिया हे स्टार ट्रेकवरचं फॅनझीन बायकांनीच काढलं, आणि त्यानंतर तर पूरच आला.

आता खटकणाऱ्या गोष्टी. एक तर जांभळी हेक्टोची पानं, मुळातच पुसट, ऐंशी वर्षांनी अजून पुसट, मोबाइलवर तर नादच करू नका, लॅपटॉप लागतो. दोन, आतल्या गोटातले विनोद, अर्धे विनोद मागच्या दहा अंकांचे संदर्भ असल्याशिवाय कळत नाहीत, फॅनॅकवाल्यांचाच फॅन्सायक्लोपीडिया शेजारच्या टॅबमध्ये उघडा ठेवा, तिथे यातल्या बहुतेक सांकेतिक शब्दांची उकल आहे. दिसायला दोन्ही साइट्स जुन्या जमान्यातल्या, नुसत्या याद्याच याद्या, पण मला ते चालतं. आणि हे सगळं भांडार मुख्यतः इंग्रजी, गोऱ्या, बऱ्यापैकी टाइपरायटर परवडणाऱ्या पोरांचं आहे हे विसरून चालणार नाही. आपल्याकडे १९५० च्या दशकात चित्रे, कोलटकर, रमेश समर्थ यांनी शब्द नावाचं अनियतकालिक काढलं तेही सायक्लोस्टाईलवरच, मग साठच्या दशकात अनियतकालिकांची धमाल उडाली, पण ती मुख्यतः कवितेच्या अंगाने गेली, विज्ञानकथा आपल्याकडे मासिकांतून नि दिवाळी अंकांतून आली. शब्दचे किंवा साठच्या दशकातल्या असो या अनियतकालिकाचे सगळे अंक असे एका जागी, कोणालाही, फुकट उघडता आले तर? फॅनॅक बघताना हा मत्सर मला सारखा होतो.

आजचं काय चालू आहे ते बघायचं तर ईफॅनझीन्सवर ब्रूस गिलेस्पीचं एसएफ कॉमेंटरी उघडा, मेलबर्नहून १९६९ पासून निघतंय, जाडजूड अंक, गंभीर समीक्षा, आणि वाचकांची पत्रं अजूनही पानंच्या पानं. इतकं जड नको असेल तर डेव्हिड लँगफर्डचं ॲन्सिबल, १९७९ पासून, इंग्लंडातल्या रेडिंगमधून, हल्ली महिन्याला एक, विज्ञानकथेच्या जगातल्या बातम्या आणि गॉसिप, शिवाय छापील पुस्तकांतली भयानक वाक्यं वेचून दाखवणारं एक सदर आहे ते तर मी आधी वाचतो. लँगफर्डला ह्यूगो हा विज्ञानकथेतला मोठा पुरस्कार एकोणतीस वेळा मिळालाय आणि तरी अंक दोनच पानांचा, ईमेलनेही मागवता येतो. स्क्रीनवर वाचू नका, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून पाठपोट प्रिंट काढून घ्या, एकच कागद लागतो.