नाशिकमध्ये अठराच्या आतल्या आईसाठीची मदत: बाळंतपणापर्यंत भक्कम, पुढे तुटक

अठरा पूर्ण व्हायच्या आत दिवस गेलेल्या मुलीला नाशिक जिल्ह्यात सरकारी मदत मिळते, बहुतेक फुकट मिळते, आणि बाळंतपणापर्यंतची तर चांगलीच आहे. अडचण एवढीच की प्रत्येक सेवा वेगळ्या खात्याची. एका दाराशी सगळं कळत नाही.

सुरुवात आशाताईंपासून करावी, किंवा सरकारी रुग्णालयातल्या मैत्री क्लिनिकपासून, म्हणजे किशोरवयीन मुलामुलींसाठीच्या दवाखान्यापासून. नोंदणी झाली की माता व बाल संरक्षण कार्ड मिळतं. त्यावर वय खरंच लिहा. पोलिसांच्या भीतीनं घरचे सोळाचे एकोणीस सांगतात, मग अतिजोखमीची लाल खूण कार्डावर लागत नाही आणि मुलीची तपासणी चारचौघींसारखी होते. अठराखालची मुलगी असेल तर रुग्णालयाला पोलिसांना कळवावंच लागतं, लग्न झालेलं असलं तरी. पण तक्रार नोंदवली नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत.

गर्भ ठेवायचा नसेल तर पालकाची लेखी संमती लागते. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, अल्पवयीन मुलीला दोन डॉक्टरांच्या मतानं २४ पर्यंत. मुलीनं आणि पालकांनी विनंती केली तर अशा वेळी पोलिसांना कळवताना डॉक्टरांनी तिचं नाव उघड करण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. हे माहीत नसल्यानं घरात बसून आठवडे वाया जातात, याचं फार वाईट वाटतं.

एक कच्चा दुवा स्थलांतराचा. पेठ-सुरगाण्याची कुटुंबं द्राक्षबागेच्या कामाला दिंडोरी-निफाडला उतरतात आणि कार्ड गावच्या घरीच राहतं. नव्या ठिकाणी मागचं हिमोग्लोबिन, मागचा रक्तदाब दिसत नाही. कार्डाच्या प्रत्येक पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. लोहाच्या गोळ्या मिळतात, पण चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतल्या तर अंगी लागत नाहीत. लोहाची गोळी आणि या दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर हवं. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. शौच काळी होते, त्याला घाबरून बंद करू नये. बाळंतपणानंतरही १८० दिवस चालू ठेवायची असते.

बाळंतपण, औषधं, तपासण्या, १०२ ची गाडी: सगळं मोफत. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई ४२ व्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी येतात. पुढेही येतात, पण त्या भेटी बाळासाठी. आईची शाळा सुटली का, हे विचारायला त्यांच्या फॉर्ममध्ये रकानाच नाही, आणि या व्यवस्थेतली ही सगळ्यात मोठी उणीव आहे.

बाळ सांभाळणं शक्य नसेल तर परस्पर कुणाला देऊ नका. बाल कल्याण समितीपुढे जा, तिथं निर्णय बदलायला ६० दिवस मिळतात. वाट सापडत नसेल तर १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा फोन नंबर चोवीस तास चालू असतो.

दहावी राहिली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते. त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो बाळंतपणाआधीच काढून ठेवा, नंतर तान्ह्या बाळाला घेऊन शाळेत खेटे घालणं जमत नाही.