फेटचं सर्किट किट: नववीच्या वर्गात लावून पाहिलं

'धाराविद्युत' आलं की दरवर्षी तेच. प्रयोगशाळेतला डबा उघडायचा. निम्मे बल्ब गेलेले, क्लिपा गंजलेल्या आणि जो एक बल्ब लागतो तो मागच्या बाकाला दिसत नाही. यंदा प्रोजेक्टरवर फेटचं (PhET) 'सर्किट कन्स्ट्रक्शन किट' लावलं, म्हणजे पडद्यावरच तारा, बल्ब, बॅटरी जोडून पाहायचा संगणकावरचा आभासी प्रयोग. फेट हा अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा प्रकल्प, नोबेलविजेते कार्ल वाइमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला. फुकट आहे, आणि एकदा फाइल उतरवून घेतली की नेट लागत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे नेटचा भरवसा नसतो, म्हणून मी तिथेच निम्मे गुण देऊन टाकले.

तीन बल्ब एकसर, म्हणजे एकापाठोपाठ एक, जोडले, ९ व्होल्टची बॅटरी लावली आणि स्विच दाबण्याआधी हात वर करायला सांगितले. जास्त कोणता उजळेल? बहुतेक हात बॅटरीजवळच्या बल्बसाठी. "मॅडम, पहिला खाऊन टाकणार, पुढच्यांना उरलंसुरलं!" स्विच दाबला. तिन्ही सारखे. तारेतले निळे इलेक्ट्रॉन सगळीकडे एकदमच सरकायला लागले, धारा मोजणारा अमीटर कुठेही लावा, ०.३० अँपिअर. खिडकीजवळचा एक जण ओरडला, "म्हणजे तार आधीपासूनच भरलेली असते!" फळ्यावर बाण काढून काढून माझी बारा वर्षं गेली, हे वाक्य काही कुणाच्या तोंडून आलं नव्हतं. (खरे इलेक्ट्रॉन पडद्यावरच्यापेक्षा कितीतरी हळू सरकतात, हे मात्र सांगावं लागतं.)

तक्रार एकच, पण मोठी. इथे सगळं फारच गुळगुळीत. जोड कधी सैल होत नाही, बॅटरी कधी उतरत नाही. दुसऱ्या दिवशी डबा काढला, खऱ्या अमीटरचं वाचन कमी आलं, तर पोरं म्हणाली, "आपला अमीटर बिघडलाय." पडदा खरा आणि हातातली वस्तू खोटी! मग किटमधला बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे बॅटरीच्या आतच धारेला होणारा अडथळा, वाढवून दाखवला. बल्ब मंदावले, तेव्हा कुठे पटलं. हा पर्याय सुरुवातीला शून्यावर असतो, तो आवर्जून हलवा.

किटमध्ये बॅटरीची दोन टोकं नुसत्या तारेने जोडून शॉर्ट केलं की बॅटरीवर ज्वाळा येतात. त्यात माझी पंधरा मिनिटं गेली. दुसऱ्या दिवशी एकाने येऊन बोट दाखवलं. घरी रिमोटच्या सेलला तार लावून पाहिली होती. "पेटला नाही, मॅडम. पण चटका बसला."