टोड लेन 31: रॉचडेलच्या सहकारी भांडाराची मूळ जागा

सहकार शिकणाऱ्या प्रत्येकाला इंग्लंडमधलं रॉचडेल आणि तिथलं सहकारी दुकान ठाऊक असतं, पण ते दुकान केवढंसं होतं हे टोड लेनवरच्या संग्रहालयात उभं राहिल्यावरच कळतं. विटांच्या गोदामाचा नुसता तळमजला, वर्षाचं भाडं 10 पौंड. 28 सभासदांचं भांडवलही 28 पौंडच.

दुकान उघडलं 21 डिसेंबर 1844 ला. माल होता 28 पौंड (पावणेतेरा किलो) लोणी, 56 पौंड साखर, साधारण 300 किलो पीठ, एक पोतं ओट आणि थोड्या मेणबत्त्या. सगळ्याची खरेदी 16 पौंड 11 शिलिंग 11 पेन्स. सुरुवातीला सोमवारी आणि शनिवारी, तेही संध्याकाळीच विक्री व्हायची. पिंपांवर फळ्या टाकून केलेलं काउंटर आणि तराजू पाहायला पाच मिनिटं पुरतात. हे आकडे डोक्यात ठेवून गेलात तरच खोली बोलू लागते.

त्याआधी याच गल्लीत 15 क्रमांकात 1833 साली एक सहकारी दुकान निघालं होतं. ते उधारीत बुडालं. संग्रहालयातल्या मंडळींकडून ही हकिकत जरूर ऐकून घ्या, कारण 31 क्रमांकाचे नियम त्यातूनच समजतात: रोखीनेच विक्री, बाजारभाव, पूर्ण वजन, भेसळ नाही. भाव पाडून विकलं की गंगाजळी साठत नाही आणि पहिल्याच तोट्यात दुकान बसतं. इथे शिल्लक उरली की ती खरेदीच्या प्रमाणात परत मिळे. 10 पौंडांचा माल नेणाऱ्याला 2 पौंडांवाल्याच्या पाचपट लाभांश, मत मात्र दोघांचं एकेकच. आपल्याकडच्या ग्राहक भांडारांनी हाच हिशेब उचलला.

जागा वाढली ती हळूहळू. 1849 मध्ये पूर्ण इमारत ताब्यात आली आणि वर वाचनालय थाटलं गेलं. आमच्या मते खालच्या दुकानाइतकंच ते मोलाचं, कारण पुढे शिलकीतले अडीच टक्के शिक्षणासाठी राखले गेले. 1856 ला ओल्डहॅम रोडवर पहिली शाखा निघाली आणि 1867 मध्ये टोड लेनवरच मोठं मध्यवर्ती भांडार उभं राहिलं. जुनी इमारत ब्रिटनमधल्या सहकारी संस्थांच्या संघाने 1925 मध्ये विकत घेतली, 1931 पासून तिथे संग्रहालय आहे.

मँचेस्टरहून मेट्रोलिंक ट्रामने रॉचडेल टाउन सेंटरला उतरा, तिथून चालत जाता येतं. संग्रहालय रोज उघडं असेलच असं धरून चालू नका. वेळ आधी तपासा.