डेबियन १२ वर काही महिने: जुनी पॅकेजे नेमकी कुठे अडवतात

डेबियन ही लिनक्सवर आधारलेली मोफत संगणक प्रणाली. तिची बारावी आवृत्ती, म्हणजेच 'बुकवर्म', जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्या वेळी त्यात असलेले बहुतेक सॉफ्टवेअर पुढेही त्याच आवृत्तीवर राहिले: लिबरऑफिस ७.४, नोम (डेस्कटॉपची मांडणी) ४३, पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) ३.११. लेखन, हिशेब आणि थोडे प्रोग्रॅमिंग यांसाठी मी ही प्रणाली अनेक महिने रोज वापरली. पॅकेजे, म्हणजे बसवण्यासाठी तयार बांधून दिलेले प्रोग्रॅम, जुनी असतात ही तिच्याविषयीची नेहमीची तक्रार खोटी नाही, मात्र ती सगळ्याच पॅकेजांना सारखी लागू पडत नाही.

लिबरऑफिसमध्ये माझे काहीही अडले नाही. उलट कामाच्या ऐन गर्दीत मेनूची जागा बदलत नाही, याचे मोल मला अधिक वाटले. ब्राउझरचा तर प्रश्नच येत नाही, कारण फायरफॉक्सची दीर्घ मुदतीची आवृत्ती स्थिर शाखेतही, म्हणजे प्रसिद्ध झालेल्या आणि सहसा न बदलणाऱ्या डेबियनमध्येही, पुढे सरकत राहते.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र केवळ आवृत्तीचा क्रमांक पाहणारा हमखास फसतो. जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएच या दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करणाऱ्या प्रोग्रॅममधील एक गंभीर त्रुटी उघड झाली, तेव्हा मूळ प्रकल्पाने ती ९.८ मध्ये दुरुस्त केली, डेबियनने ९.२ कायम ठेवून तेवढीच दुरुस्ती तिच्यात उतरवली आणि पॅकेजच्या क्रमांकाला '+डेब१२यू३' असे शेपूट जोडले. हे शेपूट न वाचणारी तपासणीची साधने अशा यंत्राला असुरक्षित ठरवून मोकळी होतात, म्हणून मी पॅकेजचा चेंजलॉग, म्हणजे बदलांची नोंद, उघडून पाहण्याची सवय लावून घेतली. त्याआधी मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फायली आकुंचित करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरवाट पेरल्याचे आढळले होते. त्या आवृत्त्या टेस्टिंग शाखेपर्यंत, म्हणजे पुढच्या डेबियनची तयारी जिथे चालते तिथपर्यंत, पोहोचल्या होत्या, बुकवर्म ५.४.१ वरच होते. मागे राहण्याचा असाही लाभ होतो, पण त्याच्या भरवशावर धोरण आखावे असे मी म्हणणार नाही.

खरी अडचण बाहेरच्या, सतत बदलणाऱ्या गोष्टींशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमची होते. वायटी-डीएलपी या व्हिडिओ उतरवून घेणाऱ्या प्रोग्रॅमची मार्च २०२३ ची प्रत संकेतस्थळांनी आपली रचना बदलली की निकामी होते, आणि निओव्हिम या मजकूर संपादकाची ०.७.२ ही आवृत्ती पाहून अनेक नवी प्लगइन सरळ नकार देतात. वायटी-डीएलपी मी पिपएक्सने (पायथनचा प्रत्येक प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात बसवणारे साधन) स्वतंत्र ठेवले. साधे पिप, म्हणजे पायथनची पॅकेजे बसवणारे नेहमीचे साधन, येथे प्रणालीच्या पायथनमध्ये काही बसवू देत नाही. सुरुवातीला हा अडथळा जाचक वाटतो, पण एपीटीने, म्हणजे डेबियनच्या स्वतःच्या पॅकेज-साधनाने, बसवलेल्या फायलींवर पिपने हात फिरवू नये यासाठी तो योग्यच आहे.

नव्या वाय-फाय कार्डासाठी बॅकपोर्ट्स या डेबियनच्या वेगळ्या भांडारातील नवा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, उपयोगी पडला. टेस्टिंगमधील पॅकेजे स्थिर शाखेसाठी पुन्हा बांधून तेथे ठेवली जातात आणि त्या भांडाराला प्राधान्य कमी असल्यामुळे, स्पष्ट सांगितल्याशिवाय नवे काही आपोआप शिरत नाही. तेथील पॅकेजांना सुरक्षा चमूचे नेहमीचे संरक्षण नसते, त्यामुळे मी तेथून मोजकेच घेतो. गिंप ३.० हा चित्र-संपादक मी फ्लॅटपॅकने, म्हणजे प्रोग्रॅम प्रणालीपासून वेगळा ठेवून बसवण्याच्या पद्धतीने, घेतला. तो उत्तम चालतो, पण त्याच्यासोबत येणारा रनटाइम (प्रोग्रॅम चालण्यासाठी लागणारा सामायिक भाग) डिस्कवर बरीच जागा व्यापतो आणि मर्यादित बँडविड्थ असलेल्याला ते परवडेलच असे नाही. एखाद्या पॅकेजसाठी टेस्टिंगचे भांडारच जोडून टाकावे, हा सल्ला मात्र मी ठामपणे टाळला, कारण एका लहान प्रोग्रॅमच्या मागोमाग जवळपास सगळे प्रोग्रॅम जिच्यावर उभे असतात त्या सी लायब्ररीसारखे पायाभूत भागही बदलू लागतात आणि स्थिर म्हणावे असे फारसे काही उरत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये कर्नल ६.१२ आणि पायथन ३.१३ आहे. तिकडे जाण्यापूर्वी बॅकपोर्ट्सच्या व त्रयस्थ भांडारांच्या नोंदी एपीटीच्या यादीतून काढून टाकाव्यात आणि गेल्यानंतर पिपएक्समधील सगळे प्रोग्रॅम नव्या पायथनवर पुन्हा बसवावेत.