उसाचा केवडा, हिराकस आणि चिलेटेड लोह: आठ महिने वापरून झाल्यावर

आमचं रान माळशिरस तालुक्यात, नीरा उजव्या कालव्याखाली. माती काळी, पण फावडं मारलं की पांढरे खडे वर येतात. चुनखडीचं रान. त्यात दोन एकर ८६०३२ या जातीच्या उसाचा खोडवा (तुटल्यावर बुडख्यातून पुन्हा फुटणारा ऊस) राखलाय. ऊस जानेवारीअखेर तुटला आणि मार्च सरताना अर्ध्याअधिक प्लॉटवर केवडा, म्हणजे लोह कमी पडल्याने येणारा पिवळेपणा, पडला. नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. विहिरीकडच्या दहा-बारा सऱ्यांत तर पोंग्यातून (शेंड्याच्या गुंडाळीतून) येणारं पान कागदासारखं पांढरं. ज्यांनी असा प्लॉट पाहिलाय त्यांना बांधावर उभं राहिल्यावर पोटात काय होतं ते सांगायला नको.

आबा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "सूनबाई, युरिया कमी पडलाय. एक पोतं टाक." पिवळं दिसलं की युरिया, हे आमच्या भागात सगळ्यांनीच केलंय. पण मागच्या साली लागणीला आम्ही तेच केलं होतं आणि केवडा हटला नव्हता. युरियात असतं ते नत्र. नत्र कमी पडलं की आधी खालची जुनी पानं पिवळी पडतात, कारण ऊस त्यांच्यातलं नत्र काढून शेंड्याला पाठवतो. लोहाचं तसं नाही. जुन्या पानात गेलेलं लोह तिथंच राहतं, नव्या पानाला मुळाकडून ताजंच लागतं. आमच्या उसाची खालची पानं हिरवीगार होती. युरियाचं पोतं घरातच राहिलं.

माती तपासून आणली. सामू (पीएच) ८.४, मुक्त चुना १४ टक्के, उपलब्ध लोह २.६ पीपीएम. लोह ४.५ च्या खाली गेलं की कमतरता धरतात. जस्तही ०.५, त्याची रेघ ०.६ ची. त्या रात्री मी एक हिशेब मांडला. एकरातल्या वरच्या वीतभर मातीचं वजन साधारण नऊ लाख किलो. आपली काळी माती बसाल्टची, तिच्यात लोह पाच टक्के जरी धरलं तरी ४५ टन होतं. उसाला लागतं फार तर काही किलो. एवढ्या लोहावर उभा राहून ऊस उपाशी होता, कारण चुन्याच्या मातीत ते गंजासारखं घट्ट होऊन बसतं, पाण्यात उतरतच नाही. हे कळल्यावर "किती टाकायचं" यापेक्षा "मुळाला घेता येईल असं कसं द्यायचं" हा माझा प्रश्न झाला. खालचा सगळा अनुभव त्याच नजरेने लिहिलाय.

हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. यात लोह १९ टक्के, आणि सगळ्यात स्वस्त. मागच्या साली मी ते १८:४६ (डीएपी, नत्र-स्फुरदाचं खत) मध्ये कालवून थेट सरीत टाकलं होतं. काहीही फरक पडला नाही. पडणार कसा? अर्धं चुन्याने धरलं, उरलेलं स्फुरदाने. यंदा एकरी १० किलो हिराकस, ८ किलो झिंक सल्फेट, ४ किलो मँगेनीज सल्फेट आणि २ किलो बोरॅक्स घेतलं, दहापट चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळलं, पाणी शिंपडून सावलीत ओल्या पोत्याखाली सात दिवस मुरवलं आणि मग बुडख्याजवळ चळी (लहान चर) घेऊन मातीआड केलं. शेणखतातली सेंद्रिय आम्लं लोहाला धरून ठेवतात, चुन्याच्या तावडीत लगेच जाऊ देत नाहीत. ऊस गवताच्या कुळातला, त्याची मुळंही स्वतः एक द्रव्य सोडून असं लोह ओढून घेतात. याचा परिणाम सावकाश दिसला, पण टिकला. जमिनीतून द्यायचं तर माझं मत यालाच.

फवारणीच्या आधी मी एक गोष्ट केली, ती प्रत्येकाने करावी असं मनापासून वाटतं. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि चिमूटभर लिंबूसत्त्व विरघळवलं, लेकीच्या रंगपेटीतला ब्रश घेतला आणि एका पांढुरक्या पानाच्या मधल्या शिरेच्या डाव्या बाजूला एकच पट्टा ओढला. पानाला लाल दोरा बांधून ठेवला. सहाव्या दिवशी सकाळी गेले तर ब्रश फिरला होता तेवढाच पट्टा हिरवा. कडेला जिथं थेंब ओघळला होता, तिथं ओघळाच्या आकाराचीच हिरवी रेघ. उजवी बाजू होती तशीच. आबांना हाताला धरून नेलं. ते उकिडवे बसले, पान बोटांत धरून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मग हेच कर, पोरी." पुढे वाचनात आलं की फ्रान्समध्ये युसेब ग्री यांनी १८४० च्या दशकात द्राक्षाच्या पिवळ्या पानांवर लोहाचे क्षार लावून हेच पाहिलं होतं. लोह हरितद्रव्याच्या आत नसतं, तिथं मॅग्नेशियम असतं. पण लोहाशिवाय हरितद्रव्य तयारच होत नाही.

मग दहा-दहा दिवसांनी तीन फवारण्या केल्या. पंधरा लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम हिराकस, १५० ग्रॅम युरिया, लिंबूसत्त्व आणि द्रावण पानाला चिकटवणारं स्टिकर. आमच्या विहिरीचं पाणी जड आहे. लिंबूसत्त्व न घालता केलेलं द्रावण अर्ध्या तासात फिकट हिरव्याचं तांबूस झालं. ते ओतून दिलं, कारण तांबूस झालं म्हणजे लोह कामातून गेलं. हिराकस घेतानाही बघून घ्या: खडे हिरवट-निळे असावेत, पिवळी-तपकिरी भुकटी झालेलं घेऊ नका. एकदा लवकर गुण यावा म्हणून माप दुप्पट केलं आणि चार सऱ्यांची टोकं करपली. पंधरा दिवस ती बघवत नव्हती.

चिलेटेड लोह, म्हणजे दुसऱ्या द्रव्याने धरून विरघळतं ठेवलेलं लोह, दोन प्रकारचं वापरलं. ईडीटीए, १२ टक्के, ड्रीपमधून एक एकराला दिलं. चार-पाच दिवस पानं उजळली आणि पुन्हा मागचे दिवस. आठच्या वरच्या सामूत ईडीटीए लोहाला सोडून कॅल्शियमला धरतं. म्हणजे ते फवारायला ठीक, आमच्यासारख्या जमिनीतून द्यायला नाही. दुकानात हे कुणी सांगितलं नाही. उलट एका दुकानदाराने "मायक्रो" म्हणून एक बाटली दिली, तिच्यावर कशाचं किती टक्के हेच छापलेलं नव्हतं. ज्यावर टक्केवारी नाही ते घेऊच नका.

दुसरं ईडीडीएचए, लोह ६ टक्केच, रंग गडद लाल. एवढ्या चुन्यातही ते टिकतं. पांढऱ्या पडलेल्या सऱ्यांना आळवणी केली (द्रावण बुडाशी ओतलं) आणि आठ-नऊ दिवसांत नवा पोंगा हिरवा आला. औषध म्हणून अव्वल, पण किंमत अशी की दोन एकर उसाला परवडत नाही. फळबाग असती तर मी डोळे मिटून घेतलं असतं.

खर्च न करता सगळ्यात मोठा फरक पडला तो पाण्याने. विहिरीकडच्या सऱ्या मोटर जवळ म्हणून कायम गच्च ओल्या असायच्या. मुळांना हवा नाही, वर पाण्यातलं बायकार्बोनेट, म्हणजे लोह आणखीच अडकणार. तिथली पाळी लांबवली, वाफसा येऊ दिला (माती ओलसर पण मोकळी होऊ दिली), आणि पाऊस उघडल्यावर निम्मा केवडा आपोआप निवळला.

एक सावधगिरी. बारीक, गवतासारखे पांढरट फुटवे झुपकेदार येत असतील तर तो केवडा नाही, गवताळ वाढ रोग आहे. त्याला लोह देऊन उपयोग नाही, बेट उपटून नष्ट करावं. आमच्यात अशी तीन बेटं निघाली.

दोन सऱ्या मी मुद्दाम काहीही न देता ठेवल्या होत्या. ऑक्टोबरच्या शेवटी प्रत्येकी दहा उसांच्या कांड्या मोजल्या: दिलेल्या भागात सरासरी १५, न दिलेल्यात १०, आणि त्याही आखूड. वजन ऊस तुटल्यावरच कळेल, तेव्हा लिहीन. विहिरीच्या कोपऱ्यातला गुंठाभर तुकडा मात्र अजून पिवळाच आहे. तिथं वीतभर खाली चुन्याचा थर लागतो. खोडवा निघाला की त्या गुंठ्यात ऊस नाही, ताग पेरून गाडायचं आबांनी आणि मी ठरवलंय.