दोन तिकिटं, ११,२७८ रुपये

इटालियन गुन्हेपट, एकच खेळ, हाउसफुल्ल. ग्रुपवर एकाने ‘जमत नाही, दोन तिकिटं देतो’ टाकलं. ६४० ची दोन, १,२८० रुपये. एक पैसा वर मागितला नाही, तिथेच माझा विश्वास बसला. ब्लॅकवाला जास्तच मागणार, असं आपण धरून चालतो ना!

तिकिटावर भाषा लिहिली होती ‘हिंदी’. सबटायटल्सवाल्या इटालियन सिनेमाच्या तिकिटावर हिंदी! जुन्या तिकिटाच्या पीडीएफवर पठ्ठ्याने नाव, तारीख, वेळ बदलली आणि भाषा तशीच राहिली. मी ती ओळ वाचली होती. वाचून पुढे गेलो, याची चीड अजून जात नाही. दारावरच्या मुलाने स्कॅन केलं तर लाल. ‘हा कोड आधीच वापरलाय.’ रिसेलचं तिकीट घ्यायचंच तर थिएटरच्या दारात भेटा, आधी स्कॅन होऊ द्या, मग पैसे.

इथवर १,२८० च गेले होते. फोन केला तर माणूस इतका ओशाळला की मलाच वाईट वाटलं. ‘रिफंडचा क्यूआर पाठवतो. १,२८० आणि ३,७१९ डिपॉझिट, सगळे ४,९९९ परत येतील.’ स्कॅन केलं. वर नाव कुठल्याशा एंटरप्रायझेसचं, खाली ठळक ‘पे ४,९९९’. आत जाहिराती सुरू झालेल्या, मागे रांग, सोबतची व्यक्ती घड्याळ बघतेय. अशा वेळी कोण शांतपणे वाचतो? पिन टाकला. ‘एंट्री अडकली, पुन्हा करा.’ पुन्हा टाकला. म्हणजे ४,९९९ दोनदा गेले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे मीच घरच्यांना दहादा सांगितलंय.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, लगेच फोन लावला. लागेपर्यंत चाळीस मिनिटं गेली, आणि तेवढ्यात रक्कम पुढच्या खात्यात. त्यांना प्रत्येक व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर, म्हणजे व्यवहार क्रमांक, लागतो, तो ॲपच्या हिस्टरीत असतो. आधी लिहून ठेवा. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात, म्हणजे व्यवहार तुमचाच. ठाण्यात म्हणे, ‘आरोपी आमच्या हद्दीतला नाही, सायबर क्राइम पोर्टलवर टाका.’ पोर्टलवर तक्रार टाकली, तर तिथून ती त्याच ठाण्याकडे! १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ आहे, गुन्हा कुठेही घडो, ठाण्याने नोंदवायचा. कलम सांगितलं तर हवालदारसाहेब म्हणाले, ‘एवढं कळतं तर पिन कशाला टाकला?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण एफआयआर नाकारायचं हे कारण कुठल्या कायद्यात आहे?

आणि एक. चॅटचे स्क्रीनशॉट आधी काढा, शिव्या नंतर घाला. मी उलटं केलं. त्याने त्याचे सगळे मेसेज डिलीट केले. ठाण्यात पुरावा म्हणून दाखवायला राहिल्या फक्त माझ्या शिव्या.