म्हापसा ते फोंडा: घर हलवून आठ महिने झाले, कोणतं पॅकिंग कामी आलं?

गेल्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही म्हापशाचा फ्लॅट सोडून फोंड्याला राहायला आलो. पाऊस जूनमध्ये येतो, तोवर सगळं लागेल, असा हिशेब होता. २०२५ साली मान्सून २५ मेलाच गोव्यात पोचला. त्यामुळे टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर हे सगळं भर पावसात टेम्पोवर चढलं. मुद्दाम आठ महिने थांबून लिहितोय, कारण सामान उतरवल्या दिवशी सगळंच ठीक दिसतं.

आधी वॉशिंग मशीन, कारण तिथे मी सर्वांत जास्त वेळ घातला आणि तो सार्थकी लागला. फ्रंट लोड मशीनचा ड्रम आत स्प्रिंगांवर लोंबकळत असतो. मशीन नवीन येतं तेव्हा मागून लांब बोल्ट घालून तो जखडलेला असतो. हे ट्रान्झिट बोल्ट आमच्याकडे नव्हते, बसवायला आलेल्या माणसाने काढले आणि पुढे ते कुठे गेले कळलं नाही. पॅकिंगवाल्यांचा मुकादम म्हणाला, "साहेब, गादी लावतो, काही होत नाही." मला पटलं नाही. बाहेरून कितीही गाद्या लावल्या तरी आतला ड्रम हिंदकळायचा तो हिंदकळणारच. मॉडेल नंबर देऊन सर्व्हिस सेंटरमधून चार बोल्ट मागवले, आठवडाभराने आले. खालच्या फिल्टरमधून साचलेलं पाणी काढलं, बोल्ट आवळले. पर्वरीला उड्डाणपुलाच्या कामामुळे खड्डे आणि वळणं, पुढे बाणस्तारी, मग फर्मागुढीचा चढ. चाळीसेक किलोमीटरांत टेम्पोने किती आदळआपट केली ते मी मागच्या स्कूटरवरून पाहत होतो. आजही मशीन स्पिनला जागचं हलत नाही. एक लक्षात ठेवा, नव्या घरी मशीन चालू करण्याआधी बोल्ट काढलेच पाहिजेत.

टीव्ही ४३ इंची, मूळ खोका कधीच रद्दीत गेलेला. बबल रॅप थेट स्क्रीनवर गुंडाळायला मी दिलं नाही, फुगे दाबले गेले की पॅनेलवर डाग उमटू शकतात. आधी धुतलेलं मऊ सुती धोतर, मग फोमची शीट, त्यावर पातळ प्लायवुड असं कापलं की ते कडेच्या चौकटीवरच टेकेल. बबल रॅप सगळ्यात बाहेर. नेताना टीव्ही उभाच, दोन गाद्यांच्या मध्ये. आडवा ठेवला तर काच मधून वाकते आणि एका धक्क्यात जाते. स्क्रीनवर आजवर एक ठिपका नाही.

फ्रिज आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळवला होता, पण मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमधलं पाणी विसरलो आणि ते टेम्पोत सांडलं. फ्रिज उभाच आणला, तरी चार तास थांबून चालू केला. आडवा आणावा लागला तर कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत उतरतं, मग पुरा एक दिवस थांबणं बरं. दारावर ब्राऊन टेप थेट लावू देऊ नका. त्याचा चिकट पट्टा माझ्या फ्रिजवर दिवाळीपर्यंत होता, शेवटी खोबरेल तेल चोळून निघाला. इन्व्हर्टरची बॅटरी मी वेगळ्या गाडीतून नेली, उभी, आधी निगेटिव्ह वायर काढून. अ‍ॅसिड सांडलं तर त्याच्या शेजारचं काहीच वाचत नाही.

आता जे बिघडलं ते. पत्नी भजनाला इलेक्ट्रॉनिक तानपुरा घेऊन बसते. तो मी सगळ्यांत प्रेमाने बांधला: फोम, दोन थर प्लास्टिक, वरून घट्ट टेप, पाणी शिरायला जागाच नाही. पण बांधला त्या दिवशी हवा पावसाने जड झाली होती, ती दमट हवा आतच कोंडली गेली. आत सेलही तसेच राहिले. खोका माळ्यावर गेला तो चवथीलाच खाली आला, २७ ऑगस्टला. आरतीच्या आधी उघडला तर सेल गळलेले, स्प्रिंगा हिरव्यागार, पट्ट्या खाल्लेल्या. त्या दिवशी ती सुराशिवायच गायली. मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं. मडगावच्या एका कारागिराने स्प्रिंगा बदलून दिल्या, आता वाजतो, पण व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखरतो.

त्याच खोलीत कॅमेरा मात्र नीट राहिला. तो हवाबंद डब्यात होता आणि सोबत सिलिका जेलच्या चार पुड्या होत्या. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांनी ओलावा भरून घेतला, तेव्हा पुड्या बदलायच्या. जुलैत मी दोनदा बदलल्या. तानपुऱ्यालाही एवढंच हवं होतं: सेल बाहेर आणि आत दोन पुड्या. गोव्यात नुसतं प्लास्टिक गुंडाळून ठेवलेली वस्तू पावसाळाभर आतून घामेजते, म्हणून खोके पोचल्याच्या आठवड्यातच सगळे उघडा. लगेच वापरायचं नसलं तरी उघडा.

वॉशिंग मशीनचे ते चार बोल्ट आता जाड पिशवीत घालून मशीनच्या मागच्या नळीलाच बांधले आहेत.